नव्या गळ्याला नवी चाल

सिम्फनिक मेटल म्हणजे कर्कश गिटार, ड्रम, त्यांमागे भरगच्च वाद्यवृंद आणि या सगळ्यावर चढणारा गळा. हा प्रकार मराठी वाचकाला परका वाटेल, पण जुन्या गायकाची जागा नव्या गळ्याने घेण्याचा त्यातला पेच आपल्या संगीत रंगभूमीने कधीच अनुभवला आहे. फिनलंडच्या ‘नाइटविश’ या बँडने 2005 साली ऑपेराच्या घाटाने गाणाऱ्या तार्या टुरुनेनला निरोप दिला आणि 2007 साली अ‍ॅनेट ओल्झोनला घेऊन ‘डार्क पॅशन प्ले’ हा अल्बम काढला. तिचा आवाज सरळ, रॉकच्या वळणाचा. नव्या अल्बमात तो शोभला. मंचावर तार्याची जुनी गाणी गाताना मात्र तिला सतत तुलना सोसावी लागली. आपल्याकडेही तेच झाले: किर्लोस्कर नाटक मंडळीचे गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले. 1905 साली मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनाही आधी जुने ‘शाकुंतल’च उभे करावे लागले. पण 1911 च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या अंगाच्या चाली दिल्या, त्यांत त्या लडिवाळ गळ्याला वाव मिळाला आणि नाटकाची नायिका भामिनी त्यांचीच झाली. कोणी म्हणेल, रसिक तिकीट काढतो ते जुन्या पदांसाठी. खरे आहे, ती गावीच लागतात. पण त्यांच्या पट्टीवर नव्या गायकाला मोजणे अन्याय आहे. शिवाय अस्सल आवाज जुनेही पेलतो: 2012 मध्ये ‘नाइटविश’मध्ये आलेल्या फ्लोर यान्सेनने ते दाखवले. बँडने तिच्यासह केलेला पहिला अल्बम 2015 साली आला. तरी तिची पारख करायची तर तोच आधी ऐका.