चिरा बोलतो तेव्हा



मांद्र्यास एका ओळखीच्या कुटुंबात नव्या घराचे काम निघाले आहे. परवा तेथे गवंड्याचे काम पाहत आम्ही घटकाभर उभे होतो. प्रत्येक चिरा भिंतीत बसविण्यापूर्वी तो त्यावर हातोडीचा हलका ठोका देई. खणखणीत नाद आला तर चिरा भिंतीवर चढे. बद्द आवाज आला तर बाजूस पडे. आम्ही कारण विचारले. “आत भेग असली की दगड बोलत नाही,” एवढेच तो म्हणाला.

त्याच्या या एका वाक्यात मोठे शास्त्र आहे. ठोक्यासरशी दगडाचे कण किंचित दबतात आणि पूर्वस्थितीस येता येता शेजारच्या कणांस धक्का देतात. ही स्थितिस्थापक लाट अखंड दगडात आरपार खेळते. वाटेत भेग किंवा निराळा थर लागला, की तिचा काही भाग माघारी फिरतो, काही पुढे जातो.

आमचे बोलणे ऐकून घरच्या वृद्ध माउलीने आपली जुनी तक्रार काढली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती लहान मुलगी होती. “आधी नुसती गुरगुर झाली, थोड्या वेळाने फळीवरची भांडी वाजली,” असे ती सांगे आणि घरचे हसत. भूकंप काय दोनदा येतो?

तो एकदाच आला. लाटा मात्र दोन. पहिली खडकास पुढेमागे ढकलीत जाते, दुसरी आडवी हिसडे देत. कठीण खडकात पहिलीचा वेग सेकंदास सुमारे ६ किलोमीटर, दुसरीचा साडेतीन. कोयनेपासून मांद्रे सरळ रेषेत १९० किलोमीटरांच्या आसपास. गुणाकार-भागाकार करून पाहावा: पहिली अर्ध्या मिनिटात, दुसरी तिच्या मागून वीस-बावीस सेकंदांनी. माउली खरी ठरली! तिकडे कोयनेच्या खोऱ्यात मात्र त्या पहाटे सुमारे १८० माणसे दगावली.

या लाटांनीच माणसाला पृथ्वीचे थर दाखविले. (जेझुइट फादरांनीही भूकंपमापनासाठी जगभर वेधशाळा चालविल्या.) १९०९ साली क्रोएशियातील एका भूकंपाच्या नोंदी तपासताना मोहोरोविचिच यांस दिसले, की दूरच्या ठिकाणी काही लाटा अपेक्षेपूर्वीच पोहोचल्या आहेत. पुळणीतून पाय ओढीत जाणाऱ्याच्या आधी, लांबचा वळसा घेऊन सडकेने सायकलवर आलेला पोहोचावा, तसे हे. खाली वेगवान थर असलाच पाहिजे! १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने गुहागरपासून पूर्वेकडे स्फोट घडवून अशाच लाटा मोजल्या आणि कोयना भागात हा थर ३५ ते ४० किलोमीटर खोल असल्याचे आढळले. त्यामानाने वरचा काळा कातळ पातळच. कोयनेजवळ रासाटीस छिद्र घेतले, तो सुमारे ९३० मीटरांवर संपून जुना ग्रॅनाइटवर्गीय खडक लागला.

इतके ऐकून घरधन्याने आम्हांस मागील अंगणात नेले. पुढील खोल्या कातळावर, मागची खोली मात्र भर घातलेल्या जमिनीवर येणार होती. “चालेल ना?” आम्ही समुद्राकडे बोट दाखविले. उथळ पाण्यात शिरताच लाट मंदावते आणि उंच होते. जमिनीतील लाटही मऊ थरात तशीच मंदावते व फुगते. १९८५ साली मेक्सिको शहरापासून भूकंपाचा उगम साडेतीनशे किलोमीटरांहून दूर होता. तरी जुन्या तळ्याच्या गाळावरील इमारती कोसळल्या आणि हजारो माणसे मेली. अर्धे कातळावर, अर्धे भरावावर असलेले घर दोन तऱ्हांनी हलू पाहते, आणि चीर सांध्यावर पडते. भूकंप नाही आला, तरी भराव दबून ती पडण्याची भीती आहेच.

खर्चाच्या विचाराने त्याचा चेहरा उतरला. मुलीच्या लग्नाआधी खोली व्हायला हवी होती. गवंडी काही बोलला नाही. त्याने पहार आणि कुदळ मागविली. आम्ही निघालो तेव्हा खड्डा कंबरेइतका खोल गेला होता आणि कातळ अजून लागला नव्हता.