खाडीच्या पाण्यातलं विष फोनचा कॅमेरा ओळखेल का?

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रावरचे कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं. काही कंटेनरांत कीटकनाशकं होती. मग मासे खायचे की नाही, याची लोकांना धास्ती. अशा वेळी आपल्या पाटीतली मासळी चांगली आहे, हे कोळणीने सिद्ध कसं करायचं?

मी दिघीचा, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो. राजपुरी खाडीतलं आमचं बंदर 2021 मध्ये अदाणी पोर्ट्सने घेतलं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने दिघीच्या औद्योगिक शहराला मंजुरी दिली. म्हणजे पुढे माल वाढणार, आणि त्यात रसायनंही असणार.

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळालं, ते ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ म्हणजे ‘मॉफ’साठी. इमारतीची परांची आठवा. धातूचे अणू म्हणजे गाठी, कार्बनी रेणू म्हणजे बांबू, आणि मधे नुसती पोकळी. एका प्रसिद्ध मॉफच्या दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो!

काही मॉफ अतिनील प्रकाशात चमकतात. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांच्या गटाने 2013 मध्ये असा एक मॉफ दाखवला. पिक्रिक ॲसिड (स्फोटक, शिवाय विषारी) जवळ आलं की त्याची चमक विझते. भारी आहे. पण त्यात कॅडमियम आहे, म्हणजे ही पावडर खाडीत टाकून चालणार नाही.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. चमक विझली म्हणजे विष आहे, असं मानलं तर गढूळ पाणीसुद्धा ‘विषारी’ ठरेल, कारण गाळही प्रकाश अडवतो. आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्ह. आणि अशा एका खोट्या अलार्मने अख्ख्या गावाचा बाजार बसतो.

म्हणून मला उलट्या पद्धतीचे सेन्सर जास्त पटतात. याच गटाने 2014 मध्ये असा मॉफ मांडला, जो हायड्रोजन सल्फाइड आल्यावर उजळतो. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. तेव्हा वासावर भरवसा ठेवणं जिवावर बेतू शकतं.

फोनने हे वाचता येईल का? येईल, पण नुसता फोटो काढून नाही. कॅमेरा स्वतःच उजेड आणि रंग ‘सुधारतो’, म्हणजे मोजमाप गेलंच! बंद डबी, ठरावीक अतिनील एलईडी, शेजारी तुलनेसाठी एक स्थिर रंगाचा ठिपका आणि कॅमेऱ्याची ऑटो सेटिंग बंद, एवढं तरी हवंच. ॲप लिहिणं त्यातलं सगळ्यात सोपं काम.

आणखी एक गोष्ट. एक मॉफ साधारण एक-दोनच रसायनं नीट ओळखतो. कंटेनर पाण्यात पडला तर आत काय होतं, हे कळल्याशिवाय कुठली पावडर वापरायची तेच ठरणार नाही. म्हणून बंदरात येणाऱ्या धोकादायक मालाची यादी अपघाताच्या त्याच तासात गावाला मिळायला हवी. आणि कोणी किट विकायला आलं, तर त्याची चाचणी बाटलीबंद पाण्यात नको, भर पावसात राजपुरीच्या लाल पाण्यात करून दाखवायला सांगा.