वायपर, तोही लातुरात!

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा भागात वायपरचं कौतुक कोणाला? पण मंडळी, माझं मत उलटं आहे. पाऊस कमी तिथेच वायपर जास्त बिघडतो. महिनोन् महिने हलतच नाही, धूळ आणि गंज मिळून त्याचा दांडा खालच्या दातेरी शाफ्टला घट्ट धरून बसतो. आणि आपल्याला आठवण कधी? जूनमध्ये, नांदेडहून येताना अहमदपूरच्या अलीकडे आभाळ फाटल्यावर.

शेजारचे काका म्हणतात, "मार हातोडी, निघतंय की!" अजिबात नको. शाफ्ट वाकतो, नाहीतर काच जाते. वायपर एकदा चालवून बंद करा, पातं थांबेल तिथे काचेवर चिकटपट्टी लावा. टोपण काढून नट सैल करा, पण चार आटे राहू द्या, म्हणजे दांडा एकदम उसळत नाही. गंजावर तेल सोडा, चहा पिऊन या, मग दांडा हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. नाहीच निघाला तर पुलर.

बसवताना दाते ब्रशने साफ करा आणि पातं पट्टीशी जुळवा. एक दाता चुकला की पातं काचेबाहेर आपटतं. (ऑफ बाय वन! आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं.)

असो. हे काम मे महिन्यातलं, आणि सकाळी आठच्या आत. नंतर पत्र्याला हात लावून दाखवा!