विश्लेषण : एकाच दिवशी दोन शर्यती… लेडेत्स्काने स्नोबोर्डच का निवडला?

मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ८ फेब्रुवारी २०२६ रोजी महिलांची डाउनहिल स्कीइंग शर्यत कोर्टिना येथे, तर स्नोबोर्डची पॅरलल जायंट स्लॅलम शर्यत लिविन्यो येथे आहे. दोन्ही ठिकाणे रस्त्याने काही तासांच्या अंतरावर आहेत. बहुतेक खेळाडूंना त्याने काही फरक पडत नाही. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काला मात्र पडतो, कारण ती दोन्ही खेळते. वेळापत्रक बदलले नाही, तेव्हा तिने स्नोबोर्डची निवड केली. या निवडीमागे काय आहे आणि या खेळाचे भवितव्य काय, याविषयी…

एस्टर लेडेत्स्का कोण?

जन्म १९९५, प्राग. आजोबा यान क्लापाच हे आइस हॉकीतील ऑलिम्पिक पदकविजेते, वडील यानेक लेडेत्स्की लोकप्रिय गायक. २०१८च्या प्याँगचांग ऑलिम्पिकमध्ये १७ फेब्रुवारीला सुपर-जी या स्कीइंग शर्यतीत ती २६व्या क्रमांकावर उतरली. आघाडीच्या खेळाडूंच्या फेऱ्या तोवर झाल्या होत्या. काही वाहिन्यांनी तर ऑस्ट्रियाच्या अ‍ॅना फाइटला विजेती ठरवूनही टाकले होते. लेडेत्स्काने तिला ०.०१ सेकंदाने मागे टाकले. १९८४मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे कांस्यपदक हुकले, ते एवढ्याच फरकाने. स्कीइंगच्या विश्वचषक शर्यतींत तोवर लेडेत्स्का एकदाही पहिल्या तिघांत आली नव्हती. आठवडाभराने, २४ फेब्रुवारीला, तिने स्नोबोर्डमध्येही सुवर्ण जिंकले. एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की आणि स्नोबोर्ड अशा दोन वेगळ्या साधनांवर सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली खेळाडू ठरली.

अल्पाइन स्नोबोर्ड म्हणजे काय?

स्नोबोर्ड म्हटले की हवेत गिरक्या घेणारे खेळाडू डोळ्यांसमोर येतात. अल्पाइन प्रकारात कसरती नाहीत, फक्त वेग आहे. बोर्ड लांब आणि अरुंद असतो, बूट मऊ नव्हे तर स्कीइंगसारखे कडक. बोर्डाच्या कडा किंचित आत वळलेल्या असतात. खेळाडू बोर्ड एका कडेवर कलवतो, तेव्हा तो दाबाने वाकतो आणि बर्फात चाकूसारखा वक्र कापत जातो. बोर्ड घसरला की वेग गेला. कड टिकली की वेग टिकला. कडक बुटामुळे पायाची हालचाल वाया न जाता थेट कडेपर्यंत पोहोचते.

शर्यत कशी होते?

शेजारी-शेजारी लाल आणि निळा असे दोन मार्ग आखलेले असतात. आधी प्रत्येकाच्या दोन पात्रता फेऱ्या होतात. त्यांतून १६ जण पुढे जातात. मग समोरासमोर बाद फेऱ्या : हरला तो बाहेर. पात्रता फेरीत वरचढ ठरलेल्याला मार्ग निवडता येतो. विजेत्याला दिवसभरात सहा वेळा उतरावे लागते. डाउनहिलमध्ये एकच धाव, तीही एकट्याने. इथे शेजारचा प्रतिस्पर्धी दिसत असतो आणि थकवा साठत जातो. म्हणूनच एका दिवसात दोन्ही शर्यती जमवणे शक्य नव्हते.

मग स्नोबोर्डच का?

आकडे पाहिले तर उत्तर सापडते. स्नोबोर्डमध्ये तिच्याकडे २०१८ आणि २०२२ अशी सलग दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके आहेत, म्हणजे तिसऱ्याची संधी. स्कीइंगमध्ये २०२२ला बीजिंगमध्ये ती सुपर-जीत पाचवी, तर कम्बाइंड प्रकारात चौथी आली. डाउनहिलमध्येही ती दुबळी नाही. २०२५च्या जागतिक स्पर्धेत तिने कांस्य मिळवले. म्हणजे सोडून दिलेली शर्यतही पदकाचीच होती. दोन खेळांचा हा हिशेब वर्षभर चालतो : दोन विश्वचषक मालिका, दोन सरावपद्धती आणि दुखापतीचा दुप्पट धोका. गळपट्टीचे हाड मोडल्याने २०२२-२३चा हंगाम तिला मुकावा लागला होता.

इतरांची कारकीर्द कशी असते?

या खेळात कारकीर्द लांबते. कॅनडाचा जेसी-जे अँडरसन ३४व्या वर्षी, २०१०मध्ये ऑलिम्पिक विजेता झाला. ऑस्ट्रियाच्या बेंजामिन कार्लला २०१०चे रौप्य आणि २०१४चे कांस्य मिळाले, पण सुवर्णासाठी २०२२ उजाडावे लागले. पैसा मात्र तुटपुंजा. २०१०नंतर अमेरिकेच्या संघटनेने अल्पाइन स्नोबोर्डचा पाठिंबा काढून घेतला. अमेरिकी खेळाडू व्हिक वाइल्ड रशियन खेळाडू अलेना झावार्झिनाशी लग्न करून रशियाकडून खेळू लागला आणि २०१४च्या सोचीत त्याने दोन सुवर्णपदके जिंकली.

खेळाच्या अस्तित्वाचा प्रश्न काय?

स्नोबोर्ड १९९८मध्ये नागानो येथे ऑलिम्पिकमध्ये आला. समांतर मार्गांची शर्यत २००२पासून आहे. सोचीत पॅरलल स्लॅलम हा दुसरा प्रकारही होता, तो पुढच्याच ऑलिम्पिकला वगळला गेला. आता उरलेला एकमेव वैयक्तिक प्रकार २०३०च्या फ्रेंच आल्प्स ऑलिम्पिकमध्ये टिकावा, यासाठी खेळाडूंनीच मोहीम उघडली आहे.

महाराष्ट्राला ही धास्ती नवी नाही. फेब्रुवारी २०१३मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा खाशाबा जाधवांच्या राज्यातल्या तालमी हादरल्या होत्या. सप्टेंबरमध्ये कुस्ती परतली, पण तिच्यामागे जगभरातले मल्ल होते. अल्पाइन स्नोबोर्डमागे तेवढी गर्दी नाही. ऑलिम्पिकमधून खेळ गेला, की आधी सरकारी निधी जातो, मग प्रायोजक, मग नवी मुले.

पुढे काय?

सुपर-जी १२ फेब्रुवारीला असल्याने लेडेत्स्काला स्कीइंगचा एक दरवाजा उघडा आहे. लिविन्योत ती जिंकली तर तिसरे सुवर्ण होईल. हरली तरी तिच्या नावामुळे त्या दिवशी जगाच्या नजरा या शर्यतीकडे वळतील आणि खेळाला सध्या त्याचीच गरज आहे.