कळलावीचा कंद जमिनीतच बरा!

श्रावण-भाद्रपदात कुंपणावर कळलावी फुलते. खाली पिवळ्या, टोकाला लालभडक, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्या. म्हणूनच संस्कृतात ती अग्निशिखा. कोकणात गौरीच्या पूजेत या फुलांना मान असतो. काहीजणी मात्र ते फूल घरात आणत नाहीत, का तर म्हणे भांडणं लागतात!

भांडणांचं सोडा, पण नावातली कळ खरी आहे. बाळंतपणात बाई अडली, की कळा याव्यात म्हणून हिचा कंद उगाळून ओटीपोटावर, तळपायाला लेप लावायची जुनी रीत. संस्कृतात हिचं एक नाव गर्भपातिनी असंही आहे. यावरून काय ते समजा. मी त्या काळच्या सुईणींना नावं ठेवणार नाही. डॉक्टर नाही, गाडी नाही, समोर बाई तळमळतेय. हाताशी होतं ते त्यांनी वापरलं.

पण आज? आज तेच उपाय 'आजीबाईचा बटवा' म्हणून मोबाइलवर फिरतात आणि झाडपाल्याचं आहे, अपाय कसा होईल, असं आपणच म्हणतो. मैत्रिणींनो, आयुर्वेदानेच कळलावीला उपविषांत बसवलंय. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. हेच द्रव्य गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर देतात, पण ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत, मोजूनमापून. सहाणेवर उगाळलेल्या कंदात ते किती उतरलं, हे कोण सांगणार? कंद पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, जीवही जातो. वाचलेल्यांचे केस पुढे झडतात. याला हमखास उतारा नाही.

पोटदुखी असो, पाळी चुकलेली असो की बाळंतपण, बाईच्या दुखण्यावर आधी घरगुती उपाय आणि अगदीच नाइलाज झाला की दवाखाना, ही रीत आता मोडायला हवी. गरोदर बाईसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करायला लाज कसली?

फुलं गौरीला जरूर वाहा. मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, हात धुवा. आणि कंद उपटू नका. तो जमिनीत राहिला, तरच पुढच्या पावसात वेल पुन्हा वर येईल.