गावगोठा : छावणीत धार कोण काढणार?

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी शिरोळ, पलूस, मिरजेच्या गावांत शिरलं, तेव्हा बोटी दारात येऊनही कित्येक शेतकरी हलायला तयार नव्हते. गोठ्यात म्हशी बांधलेल्या होत्या. त्यांच्या या हट्टाला अडाणीपणा म्हणणं हा अन्याय आहे. दोन दुभत्या म्हशींवर घराचा महिना चालतो. शिरोळकडे साखर कारखान्यांच्या आवारात माणसांबरोबर जनावरांनाही जागा मिळाली, हे त्या पुरातलं फार शहाणपणाचं काम होतं.

त्याच वर्षी 4 ऑगस्टला गोदावरीलाही महापूर आला, नाशिकचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. ही गोदावरी ब्रह्मगिरीवरून उतरते ती त्र्यंबकेश्वरात. गावात तिचं पात्र बरंचसं काँक्रीटखाली झाकलेलं आहे आणि मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर येतं. भोवतालच्या पाड्यांवर भातशेती आणि डांगी जनावरं. डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून ही जात धो धो पावसात टिकते. पण दाव्याला बांधलेली गाय डांगी असली तरी पुरात बुडतेच. पाणी चढू लागलं की आधी दावं सोडायचं, सुटत नसेल तर कापायचं; मोकळं जनावर पोहून उंचावर जाऊ शकतं.

पुरातून काढलेल्या जनावरांच्या छावणीत मदतीला येणाऱ्या तरुणांना वाटतं, जनावर ओढून काढणं हेच काम. खरं काम त्यानंतर सुरू होतं. उपाशी बैलापुढे एकदम हिरव्या चाऱ्याचा भारा टाकला तर पोट फुगतं. आधी पाणी आणि थोडा कोरडा चारा लागतो. चिखलात उभं राहून खुरं सडतात. आजारी जनावर वेगळं बांधावं लागतं. आणि दुभत्या गायी-म्हशींची धार वेळेवर निघाली नाही तर कासेला दगडी होते. मालक तालुक्याच्या शाळेत आणि म्हैस चार किलोमीटरवर, मग धार काढणार कोण? म्हणूनच जनावरांचा निवारा माणसांच्या निवाऱ्याला लागून हवा. धार काढता येणारी चार माणसं त्या वेळी बोट चालवणाऱ्याइतकीच मोलाची असतात.

नोंदवही सांभाळणारं माणूसही तितकंच गरजेचं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक, मालकाचं नाव, गाव आल्या आल्या लिहिलं, तर परत नेताना भांडणं होत नाहीत. मेलेल्या दुभत्या गायी-म्हशीमागे सरकारी निकषात 37,500 रुपये मदत आहे, पण त्यासाठी पंचनामा लागतो, आणि वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा गोळा करताना शेतकऱ्याची दमछाक होते.

अमेरिकेतही 2005 च्या कॅटरिना वादळात पाळीव प्राण्यांना निवाऱ्यात घेत नसल्यामुळे अनेकांनी घर सोडलं नाही. पुढच्याच वर्षी तिथे प्राण्यांसह स्थलांतराची आखणी करायला लावणारा कायदा झाला.

अशी आखणी त्र्यंबकलाही हवी. तिथे 2027 मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं ऐन पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. रस्ते, वाहनतळ, गर्दी यांची आखणी होताना पाड्यांजवळची एक उंच जागा जनावरांसाठी राखून ठेवावी, तिथे ताडपत्री आणि कोरडा चारा आधीच पोहोचवावा. पावसाळ्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्याच्या लसीसाठी पशुवैद्यकीय कर्मचारी पाड्यावर येतात. कोणाच्या गोठ्यात किती जनावरं आहेत आणि मदतीला कोण येईल, ही यादी त्याच दिवशी करता येईल.