कर्व्यांचे अर्धेच उचलले
र. धों. कर्वे यांचे नाव निघाले की लोकसंख्या आवरायला निघालेला पहिला माणूस, एवढीच ओळख करून दिली जाते. त्या ओळखीत त्यांच्या म्हणण्याचा गाभाच निसटतो. १९२१ मध्ये, लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात देशातल्या तोंडांच्या मोजदादीपेक्षा बाईची प्रकृती, तिचे सुख आणि तिची मर्जी यांना जागा मोठी. मासिकावरच्या १९३४ च्या खटल्यात अश्लील ठरली ती वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही २०० रुपये दंड झालाच. नुसती जनगणनेची कोष्टके छापली असती, तर कर्व्यांना कोर्टाची पायरी कशाला चढावी लागली असती?

स्वतंत्र देशाच्या पहिल्याच पंचवार्षिक योजनेत सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले. कर्व्यांची साधने घेतली, विचार ठेवून दिला. गरिबीचा दाखला कर्वेही देत, हे खरे. पण आणीबाणीतल्या नसबंदीच्या टार्गेटाला त्यातून आधार मिळत नाही. सक्ती गेली म्हणावे, तर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांनंतर डझनभर बायका दगावल्या. बायकाच ऑपरेशन मागतात, एकदाची कटकट मिटते म्हणतात, असा युक्तिवाद होतो. मागतातही. पण नवरा निरोधला नाक मुरडतो आणि दुसरे काही नीट समजावून कुणी सांगत नाही, तेव्हा त्या मागणीला मर्जी म्हणणे जड जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. पोट उघडावे लागत नाही, भूल तेवढ्यापुरती, माणूस त्याच दिवशी घरी. तरी ‘कमजोरी येते’ म्हणून घरातली थोरली बाईसुद्धा सुनेलाच टेबलावर पाठवते. मूल नको असे ठरल्यावर कर्व्यांनी नसबंदी करून घेतली होती, ती स्वतःची.